गवत्याची बादली

चाळण बायकोची होती, बादली गोठ्यातली होती आणि अक्कल म्हाताऱ्याची स्वतःची होती.

ओढा जिथं टेकडीवरून धडधडत खाली उतरतो आणि शेतं अजून सुरू झालेली नसतात, तिथं तो गुडघाभर पाण्यात वाकून उभा होता. दगड उचलायचा, उलथा करायचा, त्याच्या ओल्या पोटाला चिकटलेले चपटे किडे करंगळीनं अलगद चाळणीत उतरवायचे, चाळण बादलीत बुडवायची. दगड तिथंच टाकायचा, कसाही, आणि पुढचा उचलायचा. पाणी असं गार की पायांची हाडं ठणकायला लागली होती. कंबर तर केव्हाचीच शिव्या देत होती. पण म्हातारा थांबायला तयार नव्हता. ऊन आहे तोवर त्याला खाली आपल्या शेतापाशी पोचायचं होतं आणि उद्या लेक यायच्या आत हे सगळे जीव तिथल्या पाण्यात सोडायचे होते.

लोक त्याला गवत्या म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त मतदानाच्या दिवशी कामाला यायचं. ओढ्याच्या कडेनं त्याच्या रानाचा एक लांब पट्टा होता, सगळ्यात काळा, सगळ्यात पिकणारा. तो त्यानं नांगरायचा सोडून दिला आणि तिथं गवत पेरलं, त्या दिवसापासून हे नाव चिकटलं. लेकीनं सांगितलं म्हणून पेरलं. लेक पाणी तपासायच्या खात्यात होती. ओढेनाले धुंडाळायचे, पाणी मापायचं, तळाचे किडे मोजायचे, हे तिचं काम. ती म्हणाली होती, "बाबा, शेतातलं खत आणि औषध पावसाबरोबर सरळ ओढ्यात उतरतं. मध्ये गवत असलं तर ते अडवून धरतं." गवत्यानं एवढंच विचारलं होतं, "किती रुंद?"

म्हणून काही तो देवमाणूस नव्हता. निम्मं आयुष्य त्यानं फवारणीचा पंप याच ओढ्यात धुतला होता. औषधाच्या रिकाम्या बाटल्या इथंच भिरकावल्या होत्या. सगळेच भिरकावत होते. स्वच्छ पाणी प्रत्येकाला हवं असतं, फक्त ते शेजाऱ्यानं स्वच्छ ठेवायला हवं असतं. मासे उलटे तरंगले तेव्हा लोक म्हणाले, उन्हानं मेले. बेडूक ओरडायचे बंद झाले तेव्हा म्हणाले, बरं झालं, आता झोप तरी लागेल. ओढा असा सगळ्यांनी मिळून मारला, आणि आता त्याचं काय करायचं हे ठरवायला दूर शहरात एका टेबलाभोवती माणसं बसली होती.

त्यांचा नियम सरळ होता. स्वच्छ पाण्यातला एकही जीव लागोपाठ तीन हंगाम सापडला नाही, तर ओढा मेला असं धरायचं. मेलेल्या ओढ्याला मग सिमेंटचा तळ, सिमेंटच्या भिंती. म्हणजे गटार, पण तिथं त्याला नाला म्हणतात. गवत्याच्या शेताजवळच्या पाण्यात दोन हंगाम काहीच सापडलं नव्हतं. उद्याचा तिसरा.

गवत्याच्या मुलानं तर सांगूनच टाकलं होतं, "नाला झाला की गवताला काय अर्थ, बाबा? पट्टा नांगरून टाकू." त्यात तो चुकीचं काही बोलत नव्हता. घर आता त्याच्या जिवावर चाललं होतं.

पण गवत्या पाण्यात उतरला तो पट्ट्यासाठी नव्हे. मागच्या वेळी लेक जाळी रिकामी घेऊन परत आली, अंगणातल्या नळाखाली बूट धुवायला बसली आणि धूतच राहिली. बूट केव्हाचे स्वच्छ झाले होते. ती पाठमोरी होती, तिचे खांदे हलत होते. गवत्या दारात उभा होता. त्याला जवळ जाता आलं नाही, परत आत जाता आलं नाही. चाळीस माणसांच्या भांडणात मध्ये पडायला न घाबरणारा माणूस, पण स्वतःच्या लेकीच्या पाठीवर हात ठेवायचं त्याला जमलं नाही. ते राहिलं ते राहिलंच. ते कसंतरी भरून काढायचं म्हणून ही बादली.

बादलीत बघून त्याला समाधान वाटलं. किडे तळाला पाय रोवून अंग वरखाली करत होते. अगदी जोर काढल्यासारखे. पहिलवान आहेत साले, गवत्या मनात म्हणाला. सायकलच्या हँडलला बादली अडकवून तो सांभाळून उतार उतरला आणि आपल्या गवताच्या पट्ट्यापाशी, पाण्यात, त्यानं ते पहिलवान सोडले. बादली आणि चाळण गवतात दडवली. घरी गेला तर बायको म्हणाली, "पँट कशानं भिजली?"

"घामानं."

"गुडघ्यांना घाम येतो तुमच्या?"

गवत्या जेवायला बसला.

सकाळी लेक आली. मांड्यांपर्यंत येणारे रबरी बूट चढवले, लांब दांडीची जाळी खांद्यावर टाकली आणि बापाला बजावलं, "तुम्ही काठावर बसायचं. मध्ये पाय घालायचा नाही."

"मी कशाला मध्ये पाय घालतोय," गवत्या म्हणाला आणि त्याचे कान तापले.

ती खालच्या अंगानं पाण्यात शिरली. कायम खालून वर जायची. वरून खाली गेलं की आपणच उडवलेला गाळ आपल्याच जाळीत येतो, हे तिनं त्याला कधीतरी समजावलं होतं. आधी मीटरची वायर पाण्यात सोडून ती आकडा स्थिरावायची वाट बघत राहिली.

"काय म्हणतंय?" गवत्यानं काठावरून विचारलं.

"ऑक्सिजन वाढलाय. थोडासाच."

"थोडासा म्हणजे?"

"म्हणजे आजारी माणूस उशीला टेकून बसला, एवढं."

गवत्याला ते ऐकून बरं वाटलं. मग तिनं जाळी तळाला टेकवली, तोंड प्रवाहाकडे, आणि जाळीच्या पुढ्यात उभी राहून टाचांनी तळ घासायला लागली. दुकानासमोर हट्ट करणारं पोर पाय घासतं तशी. लहानपणी ती असेच पाय घासायची. तळचा गाळ, खडे, पालापाचोळा उसळून जाळीत गेला. तिनं काठावर येऊन सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये उपडं केलं, वर थोडं पाणी घातलं आणि गुडघे टेकून बसली. बाजूला बर्फाचे तुकडे करायचा जुना ट्रे होता. त्याच्या खणांत ती एकेका जातीचे किडे वेगळे ठेवायची.

गवत्या वाट बघत होता. तिचा चेहरा फुलेल, ती हाक मारेल, बाबा बघा, म्हणेल. आपण चकित व्हायचं. कसं व्हायचं याची त्यानं पहाटे गोठ्यात तयारीही केली होती, म्हशीसमोर.

"अगं बाई," लेक हळूच म्हणाली. चेहरा खरंच फुलला. गवत्यानं तोंड उघडलं.

पण तिचा चिमटा हवेतच थांबला. तिनं एक किडा उचलून उताणा केला, भिंगातून बघितला, दुसरा बघितला. फुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला. गवत्याचं तोंड उघडंच राहिलं होतं, ते त्यानं मिटलं.

"बाबा, हे इथले नाहीत."

"पाण्यातला जीव तो. वाहत आला असेल वरनं."

"एवढे सगळे एका रात्रीत? आणि मधल्या शेतांचं पाणी पिऊन जिवंत?" ती ट्रेवरून नजर काढत नव्हती. "हे टेकडीखालचे आहेत. जोराच्या पाण्यात दगडाला छाती चिकटवून राहणारे. इथल्या पाण्यात त्यांचा जीव गुदमरतो. हे बघा काय करतायत."

गवत्या वाकला. पांढऱ्या ट्रेमध्ये किडे पाय रोवून अंग वरखाली करत होते. कालच्यासारखेच.

"जोर काढतायत," तो म्हणाला.

"जोर नाही काढत, बाबा. श्वास कोंडलाय त्यांचा. पाणी अंगावरून हलतं राहावं म्हणून धडपडतायत. आणि हे दोन बघा, थांबलेच."

गवत्या त्या दोघांकडे बघत राहिला. काल संध्याकाळभर सायकल हातात धरून तो बादलीत डोकावत आला होता, कौतुकानं. आणि ते तिथं श्वासासाठी तडफडत होते. मान वर करायची त्याची हिंमत होईना.

तेवढ्यात गवतातून बायको आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात बादली आणि बादलीत चाळण.

"अहो, सकाळपासून घर उलथंपालथं केलं मी. माझी चाळण गवतात काय करतेय? आणि हिला किडे का लागलेत?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झालेली बाई, तिला जास्त सांगावं लागत नाही.

"गुडघ्यांचा घाम," ती म्हणाली आणि किटली खाली ठेवली.

"का केलंत?" लेकीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर गवत्याला सोपं गेलं असतं.

"मागच्या वेळी तू बूट धूत बसली होतीस."

"मग?"

"खूप वेळ धूत बसली होतीस."

लेक ओढ्याच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, नळाच्या आवाजात कळलं नसेल कुणाला."

"मला कळलं," गवत्या म्हणाला. "उठून यायला नाही जमलं. हे जमलं."

तिनं नाक पुसलं, मनगटानं, कारण बोटं गाळानं भरली होती. मग एकदम उठली. "आई, बादली इकडं आण. निम्मी भर. आणि माझ्या सामानातला प्लास्टिकचा मग घे, त्यानं पाणी उंच धरून ओतत राहा, परत काढ, परत ओत. फेस आला पाहिजे. हवा मिसळली तरच जगतील हे."

"घ्या," बायको म्हणाली. "जन्मभर मला ओरडलात, पाणी ओतताना उडवू नकोस म्हणून." पण तिनं तो मग असा उंच धरला की शिंतोडे तिच्याच तोंडावर आले, आणि ती ओतत राहिली.

लेकीनं खिशातून फोन काढला. गवत्या अर्धवट उठला. "कुणाला लावतेस?"

"खात्यातल्या मॅडमना."

"अगं, हे काढून टाकू की आपण. कुणाला कळणार आहे?"

तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं मान खाली घातली. फोन स्पीकरवर होता. लेकीनं सगळं सांगितलं, एका दमात, कुठंही न झाकता. वडिलांनी, काल, टेकडीखालून, चाळणीनं.

"मी या नोकरीत लोकांनी पाण्यात काय काय टाकलेलं बघितलंय," मॅडम पलीकडून म्हणाल्या. "जिवंत काही टाकलेलं पहिल्यांदाच ऐकतेय."

"मॅडम, माझ्या नावावर लिहा," गवत्या फोनवर वाकून म्हणाला. "पोरीचा यात काही दोष नाही."

"काका, तुमच्याच नावावर लिहितेय. आणि इतकं वाकून बोलू नका, ऐकू येतंय." मग आवाज बदलला. "हे बघ, बाहेरून आणलेली जात सगळी काढ. उरेल त्याची नोंद कर. नमुन्यात ढवळाढवळ झाली, कुणी केली, तेही लिही. तुझ्या घरच्या माणसानं केली म्हटल्यावर हा ओढा यापुढं तुझ्याकडे ठेवता येणार नाही. पुढच्या हंगामाला दुसरं कुणीतरी येईल. कळतंय ना?"

"हो, मॅडम," लेक म्हणाली. एवढंच म्हणाली. पण गवत्यानं तिचा हात बघितला, ती जाळीच्या दांडीवरून अंगठा फिरवत होती, पुन्हा पुन्हा, एखाद्याला थोपटावं तसा.

आपण काय करून बसलो ते गवत्याला तेव्हा पुरतं कळलं. शाळेत होती तेव्हापासून ती या ओढ्यात उभी होती. तो तिच्या हातून सुटला होता आणि तो सोडायला लावणारा बाप होता.

दोघं ट्रेच्या दोन बाजूंना बसली. चपटे सगळे निघाले, बादलीत गेले. खाली उरलं ते रोजचंच. लाल दोऱ्यांसारख्या अळ्या, दोन जळवा, गोगलगाय. हे कुठल्याही घाणीत राहतात, त्यांना कुणी विचारत नाही. लेक चमच्यानं पालापाचोळा बाजूला करत होती, आणि प्रत्येक वेळी खाली नुसता गाळ निघत होता. टेबलाभोवतीच्या माणसांना हवं होतं तेच. गवत्याला बसवेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं ट्रेच्या कडेला चिकटलेली एक काडी उडवून लावायला नख पुढं केलं.

काडी चालायला लागली.

गवत्यानं हात मागे घेतला. "हिला पाय आहेत."

लेक इतकी पटकन वाकली की दोघांची डोकी आपटली. काडीच्या एका टोकातून बारकं काळं डोकं बाहेर आलं होतं, मागे सहा पाय, आणि ते आपलं घर ओढत निघालं होतं.

"गवंडी," ती कुजबुजली. "आम्ही यांना गवंडी म्हणतो. जे सापडेल ते चिकटवून अंगाभोवती घर बांधतात. घाण पाण्यात ही जात टिकत नाही." मग तिनं वर बघितलं. डोळे बारीक झाले. "हा तुम्ही आणलात?"

"नाही."

"बाबा."

"तुझी शपथ घेऊन सांगतो, मी फक्त चपटे..."

"शपथ नको," ती म्हणाली. रागानं नव्हे, पण तिच्या मॅडमनी विचारलं तर शपथेचं काय करणार ती. काल संध्याकाळपर्यंत गवत्याचा शब्द गावात कुणीही डोळे मिटून घेतला असता. आज तो स्वतःच्या लेकीला घेता येत नव्हता. त्या गार पाण्यानं त्याची हाडं ठणकली नव्हती इतकं हे ठणकलं.

लेकीनं भिंग धरलं. बराच वेळ बघत राहिली. मग भिंग त्याच्या हातात दिलं.

गवत्यानं एक डोळा मिटला. घर म्हणजे गवताचे तुकडे होते, नीट कापलेले, एकाला एक लावून, गोल गोल रचलेले. आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक तांबूस रेघ होती.

"हे माझं गवत आहे," तो म्हणाला.

"हो."

"तू बी आणून दिलं होतंस. तांबड्या काठाचं. आसपास कुणाकडं नाही हे."

"टेकडीखाली तर नाहीच. तिथले गवंडी वाळूच्या कणांचं घर बांधतात. आणि एवढं घर एका रात्रीत उभं राहत नाही, बाबा. हा इथं राहतोय. तुमच्या गवताखाली. कधीपासून, देव जाणे."

बायको हातात मग धरून जवळ आली. तिनंही भिंगातून बघितलं. "घर मात्र सुबक बांधलंय हो," ती म्हणाली. "आपल्या न्हाणीघराच्या भिंतीपेक्षा सरळ आहे." ती भिंत गवत्यानं बांधलेली होती.

लेकीनं भिंगातून फोटो काढले, काठावरच्या गवताचे काढले, मॅडमना धाडले आणि पुन्हा फोन लावला.

"एक?" मॅडमनी विचारलं.

"एकच."

"ते हसतील. म्हणतील हाही बापानंच सोडला."

"म्हणूनच गवताचे फोटो दिलेत."

"बघितले." मॅडम म्हणाल्या. "एकही न सापडल्यास असा नियम आहे. एक सापडलाय. मी त्यांना तेच वाचून दाखवीन. एक हंगाम मिळाला समज, जास्त काही नाही. आणि काकांना सांग, आता पाण्याला हात लावला तर मी स्वतः येईन."

लेकीनं गवंड्याला चमच्यात घेतलं, गवताच्या मुळ्या जिथं पाण्यात लोंबत होत्या तिथं नेलं आणि चमचा बुडवला. तो थोडा वेळ तसाच पडून राहिला, काडीसारखा. मग डोकं निघालं आणि घर ओढत तो मुळ्यांमध्ये गेला.

"चला," ती म्हणाली. "पाहुण्यांना घरी पोचवायचंय."

टेकडीपर्यंत लेकीनं गाडी चालवली. गवत्या शेजारी, मांडीवर बादली. सगळी वाट तो मगानं पाणी उंच धरून ओतत होता. खड्डा आला की निम्मं त्याच्या पँटवर, थोडं गिअरवर.

"दुसरं कोण येईल?" त्यानं विचारलं.

"येईल कुणीतरी. चांगलं शिकलेलंच असेल. तुम्ही त्याला त्रास देऊ नका."

"आणि तू?"

"मी चहाला येईन."

गवत्यानं मग भरला, ओतला. "मग बरंच आहे. या ओढ्यापायी तुझा चहा कधी गरम राहिला नाही."

ती हसली, रस्त्याकडे बघत. हसताना तिचा डावा हात गिअरवरून निघाला आणि त्याच्या ओल्या गुडघ्यावर एकदा टेकला. मग पुन्हा गिअरवर गेला. गवत्या ओतायचं विसरला, मग भानावर येऊन दुप्पट ओतायला लागला.

टेकडीखाली दोघांनी बादली हळूच वाकवली. चपटे किडे जोराच्या पाण्यात पडले आणि क्षणात दगडांना चिकटून दिसेनासे झाले. जे मेले होते त्यांनाही गवत्यानं तिथंच सोडलं.

मग त्याचं लक्ष गेलं. कालचे सगळे दगड जसे टाकले होते तसेच पडले होते, पोटं वर करून. पाण्याबाहेर राहिलेल्या पोटांवरची ओल उन्हानं सुकून गेली होती.

"दगड ज्या अंगावर निजला होता त्याच अंगावर परत ठेवायचा असतो, बाबा," लेक म्हणाली. "खाली कुणीतरी राहत असतं."

गवत्या पाण्यात उतरला. कंबरेनं शिवी दिली, ती त्यानं ऐकली नाही. तो एकेक दगड दोन्ही हातांनी उचलत होता, उलटून त्याच्या खळग्यात बसवत होता, आणि हलत नाही ना बघत होता. लेक काठावरून कुठला राहिला ते बोटानं दाखवत होती. शेवटचा दगड बसवल्यावर त्यानं तळहात थोडा वेळ त्याच्यावरच ठेवला. अर्धवट जागं झालेलं पोर पुन्हा झोपेपर्यंत ठेवतात तसा.

"चाळण घेतलीत ना?" लेकीनं विचारलं.

"घेतली," गवत्या म्हणाला. "नाहीतर आज घरात कोण घेतंय मला."